मनकर्णाबाईंनी वाचलेली कंपनी

आमच्या काष्टीत मनकर्णाबाई सहादेव वाळुंज यांच्याइतकं वाचणारं माणूस दुसरं नाही, असं सांगितलं की परगावच्या पाहुण्याला वाटतं, बाई पोथी वाचत असतील. पोथीला बाईंनी आजवर हात लावलेला नाही. त्या वाचतात ते खताच्या गोणीच्या मागच्या बाजूला छापलेलं, वीजबिलाच्या पाठीवरचं, एस.टी.च्या तिकिटावरचं, औषधाच्या खोक्यातली बारीक घडी घातलेली चिठ्ठी. म्हणजे जे छापणाऱ्यानंसुद्धा कोणी वाचेल या भरवशावर छापलेलं नसतं ते.

साक्षरतेचा वर्ग गावात भरला तेव्हा बाई तिशीच्या पुढं होत्या. बाकीच्या बायका आपापलं नाव लिहायला शिकल्या आणि पाट्या घरी घेऊन गेल्या. बाईंनी नाव सगळ्यात शेवटी शिकलं. मास्तरांना म्हणाल्या, "माझं नाव मला ठावं हाय, गुरुजी. दुसऱ्यानं काय लिवलंय ते आधी वाचू द्या." मास्तरांनी ही गोष्ट त्यांच्या अहवालात लिहिली होती म्हणतात. बाईंनी तो अहवालही मागून वाचला.

बाईंचा धंदा पिठाच्या गिरणीचा. नवरा सहादेव अकाली गेला, तो गिरणी तेवढी मागं ठेवून. गिरणी चालवणारी बाई म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे. पुढं दळायला यायला लागले. जात्याच्या दगडांना टाकी लावून धार आणायची, पट्टा ओढायचा, मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंगचं दुखणं ओळखायचं, हे सगळं बाई स्वतः करतात. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या असतात आणि त्या पांढऱ्यातून दोन डोळे दळण आणणारीच्या डब्याकडं बघत असतात. डब्यात ज्वारी निवडून आणलेली नसेल तर त्या डबा परत देतात. शिवी देत नाहीत, पण डबा परत मिळालेल्या बायकांचं म्हणणं असं की शिवी परवडली असती.

पहिली काही वर्षं ही गिरणी एका संस्थेच्या गोदामात होती. संस्थेचं नाव लिहीत नाही, तिथली मंडळी अजून आमच्याकडं लग्नाला येतात. चेअरमननं जागा दिली होती, तोंडी. चेअरमन बदलला तशी नवी कमिटी म्हणाली, "जागा जुन्या चेअरमननं दिली, संस्थेनं न्हाई." गिरणी उचलावी लागली. आता गिरणी म्हणजे काही पाटी नव्हे, काखोटीला मारून चालायला. सिमेंटचा पाया फोडावा लागतो, मोटार आणि जातं परत एका रेषेत बसवावं लागतं, विजेचं कनेक्शन नव्यानं मागावं लागतं. अडीच महिने गाव दुसरीकडं दळत होतं. बाई त्या अडीच महिन्यांत काय शिकल्या ते पुढं दिसलं.

१९७० साल उजाडलं तेव्हा बाईंना जागा देऊ केली ती घोडकाठ ऑइल मिल्स प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीनं. नाव एवढं लांब असलं तरी कंपनी म्हणजे भापकरांचं घर. करडई आणि शेंगदाण्याचा घाणा, मागं पेंडीचं गोदाम, पुढं एक खोलीचं ऑफिस, आणि बाजूला पत्र्याची मोकळी शेड. मॅनेजिंग डायरेक्टर मच्छिंद्रअण्णा भापकर. बाकीचे चार डायरेक्टर म्हणजे अण्णांचे दोन भाऊ, एक चुलतभाऊ आणि एक जावई. अण्णा भला माणूस. शेडमध्ये थ्री-फेजची लाइन होती, ती पडून होती. अण्णा म्हणाले, "वहिनी, गिरनी आना हितं. अकरा वर्साचा भाडेपट्टा करून देतो, रजिस्टर."

दुसरी कोणी असती तर त्याच संध्याकाळी नारळ फोडला असता. बाईंनी विचारलं, "अण्णा, जागा तुमी देताय का कंपनी देती?"

"एकच की ते."

"मागच्या टायमाला बी एकच हुतं."

अण्णा हसले, पण बाई हसल्या नाहीत. त्या तालुक्याला गेल्या आणि कोर्टासमोरच्या लिंबाखाली बसणाऱ्या फक्रुद्दीनभाईंना गाठलं. फक्रुद्दीनभाई अर्जनवीस. तीस वर्षं लोकांचे अर्ज, कैफियती, भाडेपट्टे लिहून त्यांची मान उजवीकडं कायमची कललेली. इंग्रजी कागद ते असा वाचतात की ऐकणाऱ्याला वाटावं मूळ मराठीतच होता.

"भाई, कंपनी म्हंजी कोन?"

"कंपनी म्हणजे कायद्यानं एक माणूस, बाई. जमीन घेतो, विकतो, दावा लावतो. फक्त त्याला हातपाय नसतात."

"हात न्हाई तर सही कोन करतं?"

"ते कंपनीच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. आर्टिकल्स म्हणतात. कोणी सही करायची, कशाला कोणाची परवानगी लागते, सगळं."

"मंग ती नियमावली बघू."

फक्रुद्दीनभाईंनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षांत त्यांच्याकडं अशी मागणी आली नव्हती. मग त्यांनी बाईंना एक गंमत सांगितली. कंपनीची नियमावली मुंबईला रजिस्ट्रारच्या कचेरीत ठेवलेली असते. एक रुपया फी भरली की कोणीही जाऊन ती बघू शकतो. आणि बघू शकतो म्हणून कायदा असं धरून चालतो की कंपनीशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकानं ती बघितलेलीच आहे. नाही बघितली ही सबब कोर्टात चालत नाही.

"म्हंजी या घाण्याला करडई घालनाऱ्या समद्या लोकांनी ती वाचलीया?"

"कायद्याच्या हिशोबी वाचलीय."

"आन खरं?"

"खरं म्हणाल तर मच्छिंद्रअण्णांनीसुद्धा वाचली नसेल."

ते तंतोतंत खरं निघालं. अण्णांकडं कंपनीची स्वतःची प्रत होती, पण ती कुठं होती ते त्यांना सांगता येईना. मुनीम म्हणाला, उंदरांनी नेली. शेवटी फक्रुद्दीनभाईंनी मुंबईला अर्ज धाडला, नकलेची फी मनिऑर्डरनं पाठवली आणि महिन्याभरानं रजिस्टर पोस्टानं सहीशिक्क्याची नक्कल आली. एकोणतीस पानं, सगळी इंग्रजीत.

पुढचे चार दिवस फक्रुद्दीनभाई दुपारच्या बसनं काष्टीला येत होते. दळण नसायचं त्या वेळी बाईंच्या ओसरीवर बैठक बसायची. भाई एक कलम वाचायचे, मराठीत सांगायचे, बाई म्हणायच्या, "परत." शेअर कसे विकायचे, डायरेक्टर वेडा झाला तर काय करायचं, कंपनीचा शिक्का कोणाच्या कुलपात ठेवायचा, काही म्हणजे काही त्यांनी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी भाई कंटाळून म्हणाले, "बाई, आपल्याला भाडेपट्ट्यापुरतं बघायचंय. हे बाकीचं कशाला?"

"कायदा म्हनतो ना मी समदं वाचलंय? मंग कायद्याला खोटं पाडू व्हय?"

हव्या त्या गोष्टीचं कलम चौतिसावं निघालं. मॅनेजिंग डायरेक्टरला कंपनीची जागा बारा वर्षांपर्यंत भाड्यानं देता येईल, मात्र डायरेक्टरांच्या मंडळानं तसा ठराव केलेला असला पाहिजे. बाईंनी विचारलं, "आन ठराव झाला का न्हाई ते मी कुठं बघायचं?"

फक्रुद्दीनभाईंनी सांगितलं ते बाईंना फार आवडलं. ठरावाचं पुस्तक कंपनीच्या घरातलं. ते मुंबईला नसतं, बाहेरच्या माणसाला दाखवायला कंपनी बांधलेली नसते. म्हणून कायदा म्हणतो, नियमावलीपर्यंत तुमची जबाबदारी. त्याच्या आत त्यांनी सभा नीट घेतली का, हात वर केले का, हे खणत बसायचं कारण नाही. अधिकार देता येतो असं नियमावलीत दिसलं आणि अधिकाऱ्यानं सही केली, की ठराव झाला असं धरून चालायचं. एकच अट. ठराव झालेला नाही हे तुम्हाला आधीच माहीत असेल, तर मात्र धरून चालता येत नाही.

भाडेपट्ट्यात अण्णांनी लिहून दिलं, 'दिनांक ७ फेब्रुवारी १९७० रोजीच्या सभेतील ठरावानुसार'. सही झाली, शिक्का बसला, कागद रजिस्टर झाला. मार्चमध्ये गिरणी सुरू झाली.

आता ही ७ फेब्रुवारीची तारीख काय भानगड होती ते सांगायला हवं. तो शनिवार होता, आणि शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. पाच डायरेक्टर पाच वाड्यांवर पांगलेले, पण शनिवारी पाचीजण बाजाराला येणार म्हणजे येणार. म्हणून कंपनी निघाली तेव्हाच ठरलं होतं की सभा शनिवारी अकरा वाजता घ्यायची, एस.टी.चं भाडं वाचतं. हिशोब बिनचूक होता. फक्त शनिवारी अकरा वाजता काष्टीचा बैलबाजार ऐन भरात असतो आणि भापकरांच्या घराण्यात बैलाच्या खांद्यावरून हात फिरवल्याशिवाय पुढं गेलेला माणूस अजून जन्माला आलेला नाही, हे हिशोबात धरलं नव्हतं. डायरेक्टर बाजारात, ऑफिसला कुलूप, आणि संध्याकाळी मुनीम सभेच्या वहीत लिहिणार, 'पुरेशा उपस्थितीअभावी सभा तहकूब'. एवढ्या नेमानं तहकूब होणारी कंपनी जिल्ह्यात दुसरी नसेल. तेल मात्र चांगलं निघायचं.

दोन वर्षं काही झालं नाही. बहात्तर साली अण्णांना पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि पुतण्या गहिनीनाथ मॅनेजिंग डायरेक्टर झाला. गहिनीनाथ पुण्याला दोन वर्षं कॉलेजात होता आणि कॉलेजच्या फोटोची फ्रेम ऑफिसात लावलेली होती. त्याच्या मेहुण्याला इंजिनं आणि पंप विकायचं दुकान काढायचं होतं. रस्त्याकडेची, थ्री-फेज असलेली, पत्रा टाकलेली अशी जागा सगळ्या काष्टीत एकच होती.

गहिनीनाथनं सभेची वही उघडली. सात फेब्रुवारी: तहकूब.

बाईंना नोटीस आली. ठराव झालेला नाही, सबब भाडेपट्टा कंपनीवर बंधनकारक नाही, शेड महिन्यात मोकळी करावी. बाईंनी नोटीस दोनदा वाचली, पाठीमागून कोरी आहे याची खात्री केली आणि गिरणी चालू केली. कंपनीनं दावा लावला.

ते दिवस वाईट होते. पाऊस नव्हता, रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची, आणि मिलो दळायला गिरणीवर बायकांची रांग लागायची. दुष्काळी कामावरून आलेल्या बाया टोपली डोक्यावरून न उतरवता थेट गिरणीवर यायच्या. गावाच्या पलीकडच्या टोकाला दुसरी गिरणी होती, तिचा मालक मिलो दळायला नाही म्हणायचा, दगड खराब होतात म्हणून. मनकर्णाबाई दळायच्या आणि चौथ्या दिवशी दगडाला टाकी लावायच्या. म्हणजे शेड गेली असती तर बाईंची चूल बंद पडली असती हे एक, आणि निम्म्या गावाच्या चुलीवर काय गेलं असतं हे दुसरं. पन्नाशीला आलेली बाई तिसऱ्यांदा पाया खणणार नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. "ह्या वक्ताला उचलली तर भंगारात घालायची," म्हणाल्या.

बायडाबाई म्हणून एक म्हातारी रोज रांगेत पहिली असायची. ती म्हणाली, "मनकर्णा, हारलीस तर?"

"हारले तर तू भाकरी खायची सोड. दातं तरी कुठं ऱ्हायलीत तुला?"

साक्षीच्या आदल्या दिवशी मात्र खरी अडचण पुढं आली. बाईंचे वकील तरुण होते. त्यांनी सहज विचारलं, "त्या सात तारखेला तुम्ही कुठं होता?" बाई म्हणाल्या, "शेड मोजायला गेल्ते. ऑफिसला कुलूप हुतं."

वकिलांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. सगळा बचाव या गोष्टीवर उभा होता, की सभा झाली नाही हे बाईंना माहीत नव्हतं. आणि ज्या दिवशी सभा, त्या दिवशी ऑफिसला कुलूप बघणारी साक्षीदार स्वतः बाईच.

"हे कोणाला सांगितलंय?"

"कोनी इचारलं न्हाई."

"मग उद्याही सांगू नका. विचारलं तर म्हणा, आठवत नाही. तीन वर्षं झाली, कोणाला आठवतं?"

"मला आठवतं."

"बाई, या एका वाक्यानं दावा जाईल."

"जाऊ द्या की. शपथ घेऊन खोटं बोलायचं असतं तर ती एकोनतीस पानं कशाला वाचली असती?"

फक्रुद्दीनभाई शेजारी बसले होते. त्यांनी वकिलांकडं बघून फक्त मान हलवली. ती उजवीकडं कललेलीच असल्यामुळं होय की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आमच्या गावची एवढी माणसं गेली की शिपायानं निम्मी व्हरांड्यात काढली. कंपनीचे वकील नगरहून आलेले, काळा कोट इस्त्रीचा, घड्याळ सोन्याचं. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच नेमका तोच प्रश्न काढला; मुनिमानं त्यांना आधीच सांगितलं असावं, की त्या दिवशी बाई टेप घेऊन आवारात हिंडत होत्या.

"सात फेब्रुवारीला सकाळी तुम्ही कंपनीच्या आवारात होता?"

"व्हय."

"ऑफिस उघडं होतं?"

"न्हाई. कुलूप हुतं."

व्हरांड्यातून कोणी तरी "आगं बाई!" म्हणालं. नगरच्या वकिलांना एवढ्या लवकर एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ते न्यायाधीशसाहेबांकडं वळून हसले.

"म्हणजे त्या दिवशी सभा झाली नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"कुलूप हुतं हे म्हाईत हुतं. सभा झाली न्हाई हे म्हाईत न्हवतं."

"कुलूप लावलेल्या खोलीत सभा होते का, बाई?"

"खोलीत कशाला व्हाया पायजे? बारावं आर्टिकल काढा."

वकिलांनी आपल्या कागदांत बघितलं. त्यांच्याकडं दाव्याची प्रत होती, भाडेपट्ट्याची होती, सभेच्या वहीची होती. नियमावली नव्हती. उंदरांनी नेलेली. शेवटी बाईंच्याच वकिलांनी आपली नक्कल पुढं केली आणि साहेबांनी बारावं कलम मोठ्यानं वाचलं. डायरेक्टरांनी सभा कंपनीच्या कचेरीत अथवा त्यांना सोयीच्या वाटेल अशा अन्य कोणत्याही ठिकाणी भरवावी.

"मग कुठं भरली होती सभा?" वकिलांचा आवाज जरा चढला.

"ते मला काय ठावं? मी काय डायरेक्टर हाय? पन पाची जन मी बघितलं. अण्णांकडनं खुंटी ठोकायला परवानगी पायजे हुती, म्हनून बाजारात गेल्ते. बैलबाजारात, पानवठ्याच्या अंगाला, पाचीच्या पाची उभं. अण्णा बोलत हुतं, बाकीचे माना हालवत हुतं. सभा आनखी कशी असती?"

"ते बैल बघत होते!"

"बैल बघता बघता बोलता येत न्हाई व्हय? तुमी न्हाई का घड्याळ बघता बघता माझ्यासंगं बोलताय."

कोर्टात हसू पसरलं. साहेबांनी पेनानं टेबल वाजवलं, पण ते खाली बघून. मग त्यांनी स्वतः एक प्रश्न विचारला, आणि तो वकिलांच्या प्रश्नापेक्षा अवघड होता. "बाई, तुम्ही एवढी नियमावली वाचली. मग ठराव झाला का, एवढं तोंडी तरी त्यांना का नाही विचारलं?"

बाई म्हणाल्या, "साहेब, माझ्या गिरनीवर सून दळान घेऊन येती. घरची सून हाय, घरचा डबा हाय. मी दळून देते. 'सासूला इचारलं का?' असं मी इचारत न्हाई. इचारायला लागले तर गावात दळान बंद पडंल. दुसऱ्या दिशी सासू भांडत आली, म्या सांगितलं न्हवतं दळायला, तर मी म्हनते, तुमच्या घरातलं घरात मिटवा. पीठ काय मला परत ज्वारी करता येत न्हाई."

नगरचे वकील हुशार होते, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी ती गोष्ट तिथंच पकडली. "आणि सून सासूच्या चोरून डबा आणतेय हे तुम्हाला दिसलं तर?"

"तर न्हाई दळत. डबा परत देते. गावाला इचारा."

"मग इथं कुलूप दिसलं तेव्हा..."

"कुलूप म्हंजी चोरी न्हवं, वकीलसाहेब. सून मागल्या दारानं आली म्हंजी चोरच का? आन हितं तर कागद मच्छिंद्रअण्णांनी दिवसाढवळ्या लिवला, कंपनीचा शिक्का मारला, सरकारी कचेरीत रजिस्टर केला, आन दोन वरीस पाची डायरेक्टरांच्या घरचं दळान माझ्या गिरनीवर आलं. कोनी म्हनलं न्हाई का बाई तू हितं कशी. ह्याला चोरी म्हनायचं असंल तर चोर कोन ते तुमच्या पक्षकाराला इचारा."

गहिनीनाथ पहिल्या बाकावर बसला होता. तो स्वतःच्या बुटाकडं बघत होता. त्याच्या घरचा डबा त्या दिवशीही गिरणीवर रांगेत होता.

मी पुढं नगरला कॉमर्सला गेलो, तेव्हा कंपनी कायद्याच्या तासाला प्राध्यापकांनी हाच नियम शिकवला. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कुठल्याशा बँकेचा खटला झाला, त्यात ठरलं की कंपनीच्या आतला कारभार बाहेरच्या माणसानं तपासत बसायला नको. सरांनी तो नियम पाऊण तास सांगितला आणि शेवटी विचारलं, कोणाला समजला? वर्गात एकाचाही हात वर झाला नाही. मला समजला होता, पण सासू, सून आणि डबा एवढ्यात समजला होता, तसं सांगायची लाज वाटली. आता वाटत नाही. इंग्लंडच्या साहेबांनी जे जाड पुस्तकात घातलं ते आमच्या गावच्या बाईनं पीठ झाडता झाडता सांगितलं, आणि पुस्तकात न सापडणारी एक गोष्ट वर करून दाखवली. कायदा ज्याला 'वाचलंच आहे' म्हणतो ते तिनं खरोखर वाचलेलं होतं. सगळ्या मुलखात असं किती जणांनी केलं असेल, मला शंका आहे.

निकाल त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात लागला, एका सोमवारी. दावा रद्द. भाडेपट्टा कंपनीवर बंधनकारक. साहेबांनी लिहिलं होतं की प्रतिवादीनं नियमावली पाहिली होती, अधिकार देता येतो असं त्यात होतं, सभेच्या वहीपर्यंत जाण्याची तिच्यावर जबाबदारी नव्हती. आणि जी साक्षीदार आपल्याच विरुद्ध जाणारी कुलपाची गोष्ट न बिचकता सांगते तिच्या बाकीच्या शब्दांवर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही. हे शेवटचं वाक्य तरुण वकिलांनी बाहेर येऊन वाचून दाखवलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

गावात पेढे वाटले गेले. बायडाबाईनं दात नसलेल्या तोंडानं दोन खाल्ले. गहिनीनाथ कोर्टाच्या पायरीवर बाईंना गाठून म्हणाला, "काकी, लोक म्हणतात अपील कर. काय करू?"

"मला कशाला इचारतो? तुझ्या डायरेक्टरांना इचार. पन शनिवार सोडून."

त्यानं अपील केलं नाही. मेहुण्यानं दुकान दौंडला काढलं.

आम्ही सगळे सोमवारी जिंकलो. बाई मात्र जिंकल्या गुरुवारी. सोमवारी त्यांना कोणी अभिनंदन केलं की त्या म्हणायच्या, "बघू. कागद येऊ द्या." गुरुवारी निकालाची नक्कल मिळाली, फक्रुद्दीनभाई दुपारच्या बसनं आले आणि गिरणी बंद ठेवून अकरा पानं वाचली गेली. बाई गोणपाटावर बसल्या होत्या, मिटलेल्या डोळ्यांनी ऐकत. पहिल्यांदा वाचून झालं, बाई म्हणाल्या, "परत." दुसऱ्यांदा दुसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"थांबा. काय लिवलंय? प्रतिवादीची पाच हॉर्सपॉवरची किरकोळ गिरनी?"

"ते साहेबांचं म्हणणं नाही, बाई. कंपनीनं दाव्यात लिहिलं होतं, साहेबांनी फक्त उतरवून घेतलंय."

"कोनी का लिवंना. गिरनी साडेसातची हाय. आन किरकोळ कोनाला म्हनत्यात?"

"निकाल तुमच्या बाजूनं लागलाय. आता काय फरक पडतो?"

"पुढं कोनी वाचलं तर?"

भाईंनी खिशातून पोस्टकार्ड काढलं, बाईंनी सांगितलं तसं लिहिलं, आणि सही बाईंनी स्वतः केली, पूर्ण नावानिशी. ते कार्ड मी पोस्टात टाकायच्या आधी वाचलं, हा गुन्हा असेल तर असो.

'घोडकाठ ऑइल मिल्स प्रायव्हेट लिमिटेड, काष्टी, यांच्या डायरेक्टर मंडळास. तुमच्या दाव्यात आमची गिरणी पाच हॉर्सपॉवरची व किरकोळ असे लिहिले आहे. गिरणी साडेसातची आहे व किरकोळ नाही. तरी मंडळाने तसा ठराव करून दुरुस्ती करावी. ठराव दाखवायला आणू नये. तो झाला असे आम्ही धरून चालतो.'